लेकाला शिकारीची रायफल घ्यायचीय, कोणती सांगू?

हत्यारं आणि नेमबाजी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझा मुलगा अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात नोकरीला आहे, एच-वन-बी व्हिसावर. त्याच्या ऑफिसातली मंडळी दर वर्षी नोव्हेंबरअखेर हरणाच्या शिकारीला जातात. यंदा त्यांनी ह्यालाही बोलावलंय आणि ह्याने रायफल घ्यायचं मनावर घेतलंय. बजेट दुर्बिणीसकट हजार-बाराशे डॉलर. वाचून वाचून त्याचं डोकं भंजाळलंय, रोज नवीन नाव सांगतो. आमचं घर माळकरी, मला हे मुळीच पसंत नाही. पण ऐकणार नसेलच तर निदान वस्तू तरी धड घ्यावी. मध्यम किमतीत भरवशाची रायफल कोणती? त्याची उंची पाच फूट सहा इंच, अंगाने बारीक, आणि डावखुरा आहे.
— एक आई, मुलुंड (पूर्व)

उत्तर : ताई, पसंत-नापसंतीचा विषय तुमच्या घरातला, त्यात मी पडत नाही. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली, आणि झाली ते उत्तम झालं असं शिकाऱ्यांच्याच बंदुका दुरुस्त करून पोट भरलेला मी म्हणतो. पेनसिल्व्हेनियाची गोष्ट निराळी. तिथे पांढऱ्या शेपटीची हरणं उदंड आहेत. हंगाम सरकार ठरवतं, लायसन्स सरकार विकतं आणि कुठलं जनावर मारायचं, किती मारायची, हेही तेच सांगतं.

पण चिरंजिवांना म्हणावं, दुकानात पाऊल टाकायच्या आधी व्हिसाचं बघ. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक सोडाच, काडतूसही बाळगता येत नाही. मोजके अपवाद आहेत, त्यातला त्याच्या कामाचा एकच : कुठल्याही राज्याचं मुदतीतलं शिकारीचं लायसन्स. म्हणून आधी राज्याचा शिकार-प्रशिक्षणाचा कोर्स (पहिल्यांदा लायसन्स काढणाऱ्याला तो सक्तीचा आहे), मग लायसन्स आणि शेवटी दुकान. दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरायचा असतो, त्यात नागरिकत्वाचे नि व्हिसाचे प्रश्न असतात. तिथे खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा.

खरी मेख पुढे आहे. पेनसिल्व्हेनियाचं शिकारीचं लायसन्स १ जुलैला सुरू होतं आणि ३० जूनला संपतं. हरणांचा रायफलचा हंगाम थँक्सगिव्हिंगनंतरच्या (तो सण नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारी) शनिवारी सुरू होऊन डिसेंबरात उरकतो. त्यानंतर जून महिना कोणाच्या ध्यानात राहतो? लायसन्स संपलं आणि रायफल कपाटात तशीच राहिली, तर ती कपाटातल्या कपाटात बेकायदा झाली. मित्राची रायफल रेंजवर ‘बघू जरा’ म्हणून हातात घेणंही यातच येतं. ग्रीन कार्ड झालं की ही कटकट मिटते. तोवर तिथल्या वकिलाला एकदा फी देऊन विचारून घ्यावं. व्हिसाचा प्रश्न आहे, शेजाऱ्याच्या सल्ल्यावर निभावून नेऊ नये.

मी लेकीकडे ओहायोला जातो तेव्हा असाच हात बांधून उभा असतो. बंदुकांच्या दुकानात जावई रायफल उचलतो, खांद्याला लावतो, बोल्ट, म्हणजे काडतूस भरायचा-काढायचा दांडा, मागेपुढे करतो, आणि मी व्हिजिटर व्हिसावाला, शेजारी उभा राहून फक्त बघतो आणि सूचना देतो. आयुष्यभर हत्यारं हाताळलेल्या माणसाला ही शिक्षाच आहे. पण नुसतं बघूनही पुष्कळ कळतं.

आता रायफल. पाचशे ते हजार डॉलरच्या पट्ट्यात आज ज्या बोल्टच्या रायफली मिळतात, त्यांतली जवळजवळ प्रत्येक रायफल तुमच्या मुलापेक्षा चांगली चालते. नळ्या बनवायची यंत्रं इतकी सुधारली आहेत की शंभर यार्डांवर इंच-दीड इंचात तीन गोळ्या बसवणं हे आता महागड्या रायफलीचं लक्षण राहिलेलं नाही. आमच्या फोर्टातल्या दुकानात जुने शिकारी माउझर, ब्रनो, विंचेस्टर ७० घेऊन यायचे, त्यांनी हे ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता. म्हणून ‘कुठली जास्त अचूक’ हा वाद मुलाने सोडून द्यावा. त्याच्या अंगाला कुठली बसते, तेवढंच बघावं.

तो डावखुरा आहे म्हणता, पण त्याचा डोळा कुठला? हे आधी तपासा. दोन्ही हात लांब करायचे, पंजे एकमेकांवर ठेवून रुपयाएवढी फट राखायची आणि दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून दूरचा दिवा बघायचा. मग आळीपाळीने एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला दिवा दिसत राहतो तो जोरकस डोळा. हाताने डावखुरी पण डोळ्याने उजवी अशी माणसं कमी नसतात, आणि त्यांनी उजव्या खांद्यावरून शिकलेलं बरं, निदान सुरुवात करतानाच. डोळाही डावा निघाला, तर डाव्या बोल्टचीच रायफल घ्यायची. उजव्या बोल्टवर डावखुरा माणूस दुसरा बार भरताना रायफलीवरून हात पलीकडे नेतो, तेवढ्यात दुर्बिणीतलं हरीण हरवतं.

दुकानात जाताना जंगलात घालणार तोच जाड कोट घालून जायचं. लोक हे विसरतात. ऑगस्टच्या उकाड्यात टी-शर्टवर रायफल खांद्याला लावून बघतात, आणि नोव्हेंबरात कोटाच्या जाडीने दस्ता, म्हणजे नळीखालचा नि खांद्याला टेकणारा भाग, पाऊण इंच लांब झाल्यासारखा होतो. कारखान्यातून दस्ता साधारण साडेतेरा-पावणेचौदा इंचांचा येतो. बारीक, आखूड हाताच्या माणसाला आधीच तो थोडा जास्त, वर कोट आला की बुड काखेत अडकतं. दुकानदाराची परवानगी घेऊन, रायफल रिकामी असल्याची दोघांनी खात्री करून, डोळे मिटून ती खांद्याला लावावी. गाल सहज टेकेल तिथे टेकू द्यावा आणि मग डोळे उघडावे. दुर्बिणीत पूर्ण गोल, काळी कड न येता दिसला, तर दस्ता त्याच्या मापाचा. मान ताणावी लागली, गाल उचलावा लागला, तर ती रायफल खाली ठेवून दुसरी मागावी, मग तिची कितीही तारीफ वाचलेली असो.

मग चाप. रिकाम्या रायफलीचा चाप चार-पाच वेळा ओढून बघावा. बोटाला काही सरकल्याचं कळता कामा नये, काच तडकल्यासारखा एकदम सुटला पाहिजे. तीन-साडेतीन पौंडांचा चाप शिकाऱ्याला योग्य. त्याहून हलका थंडीत बधिर झालेल्या बोटांना धोक्याचा. त्यानंतर एक डॉलरची नोट घडी न करता नळी आणि पुढच्या लाकडामध्ये, आता बहुतेक प्लास्टिकच असतं, सरकवायची. दस्त्याच्या टोकापासून मागे मॅगझीनच्या, म्हणजे काडतुसांच्या पेटीच्या, जवळपास ती कुठेही न अडकता गेली पाहिजे. मग दस्ता बोटांनी नळीकडे दाबून पुन्हा बघायचं. स्वस्तातले पोकळ दस्ते दाबले की नळीला टेकतात, आणि दगडावर किंवा ओंडक्यावर टेकवून मारलेली गोळी भलतीकडे जाते. मग माणूस नळीला नावं ठेवत बसतो.

आता नावं. डावा बोल्ट म्हटल्यावर यादी आपोआप आखूड होते. जपानी होवा १५०० मला फार आवडते, भरीव पोलाद, वजनदार. हीच रायफल वेदरबीच्या नावाने व्हॅनगार्ड म्हणूनही विकली जाते. पण डाव्या बोल्टमध्ये ती शोधत फिरावं लागेल, म्हणून सोडतो. राहिल्या तीन.

रुगर अमेरिकन तिन्हींत स्वस्त, पाचशे-सहाशेच्या घरात. नेम चोख. सुरक्षेचा खटका अंगठ्याखाली, आणि तो लावलेला असतानाही बोल्ट उघडून काडतूस काढता येतं, ही नवशिक्यासाठी मोठी सोय. बोल्ट मात्र नवा असताना खरखरतो आणि पुढचा दस्ता लेचापेचा. वर सांगितलेली नोट इथे जरूर लावून बघा.

सॅव्हेज ११० ही १९५८ पासूनची रायफल. डावखुऱ्यांची सोय ज्यांनी फार आधीपासून बघितली त्यातली ही कंपनी. दिसायला ती कधीच देखणी नव्हती. नळी बसवायला एक नट असतो, तो बाहेरूनच दिसतो. गिऱ्हाइकाला तो खुपतो, पण माझ्यासारख्या कारागिराला आवडतो, कारण पुढेमागे नळी बदलायची तर काम सोपं. चाप घरच्या घरी हलका-जड करता येतो. आणि काही मॉडेलांत दस्त्याची लांबी नि गालाखालची उंची तुकडे बदलून जुळवता येते. बारीक माणसाने हे मॉडेल डाव्या बोल्टमध्ये मिळतं का ते आधी विचारावं. किंमत सातशेच्या पुढे.

तिसरी फिनलंडची टिक्का टी-थ्री-एक्स लाइट, आठशे-नऊशेच्या आसपास. ही तिथल्याच साको कंपनीच्या कारखान्यात बनते. तिचा बोल्ट हातात घेतल्यावर बाकीच्या दोन विसरायला होतं, लोण्यासारखा सरकतो. मी तो दुसऱ्याच्या हातात बघितला आणि तरी कळला. दोष असे : सुटं मॅगझीन महाग, आणि सुरक्षेचा खटका बोल्टही बंद करतो. म्हणजे काडतूस काढायला खटका उघडावाच लागतो, आणि त्या क्षणी नळीचं तोंड कुठे आहे हे बघायची सवय पहिल्या दिवसापासून लागली पाहिजे. शिवाय वजन सहा-साडेसहा पौंडच. डोंगर चढताना हलकी, बार काढताना खांद्याला जड.

म्हणून काडतूस विचारपूर्वक घ्यायचं. सहकारी मंडळी त्याला .३०-०६ सांगतील, ते तिथलं १९०६ पासूनचं घरचं काडतूस आहे, वाईट अजिबात नाही. पण हलक्या रायफलीतून ते बारीक माणसाला लाथ घालतं. दोन-तीन बार झाले की माणूस चाप ओढायच्या आधीच डोळे मिटायला लागतो, आणि ही खोड एकदा जडली की सुटता सुटत नाही. .२४३ विंचेस्टरचा धक्का त्याच्या निम्म्याच्या आसपास, पण त्यात गोळी जागेवरच लागायला हवी. मधला मार्ग ६.५ क्रीडमूर. हे २००७ चं काडतूस, आता तिथे सगळीकडे मिळतं, धक्का सौम्य आणि हरणाला पुरून उरणारं. .३०८ घेतलं तरी मी नाही म्हणणार नाही. सरावाची काडतुसं त्यात मुबलक मिळतात. पण मग रायफल थोडी वजनदार घ्यावी. मॅग्नम नावाचं, म्हणजे जादा जोराचं, काहीही घेऊ नये. पेनसिल्व्हेनियाच्या दाट जंगलात हरीण बऱ्याचदा शंभर यार्डांच्या आत दिसतं, तिथे मॅग्नम कशाला?

माझी निवड विचारली तर डाव्या बोल्टची टिक्का, ६.५ क्रीडमूर. पण कोटासकट खांद्याला लावल्यावर सॅव्हेज जास्त बरी बसली तर निमूट सॅव्हेज घ्यावी. टिक्काच्या बोल्टवर भाळून मान ताणत बसू नये.

वापरलेली रायफल घ्यायलाही हरकत नाही, तिथे चांगल्या मिळतात. नळीच्या तोंडाची कड नखाने चाचपून बघायची, तिथे टवका असेल तर नको. रेमिंग्टन ७०० पुढे आली तर सिरीयल नंबर तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत. २००६ ते २०१४ च्या एक्समार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४ मध्ये परत मागवल्या होत्या, न ओढता बार उडण्याचा धोका म्हणून. डाव्या बोल्टची जुनी रायफल मिळालीच तर घासाघीस करावी, विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक कमी असतं.

बाराशेतले सगळे पैसे रायफलीत घालू नयेत. दुर्बीण तीन ते नऊ पटींची, चाळीस मिलिमीटरच्या काचेची साधी घ्यावी, अडीचशे-तीनशे डॉलरमध्ये नामांकित कंपनीची येते. तिची कडी, म्हणजे रिंग्ज, स्वस्तातली नकोत. आणि स्क्रू ठरावीक जोरानेच आवळणारा पेचकस वापरावा, हाताच्या अंदाजाने नको. माझ्या टेबलावर ‘नेम लागत नाही’ म्हणून ज्या रायफली यायच्या, त्यांत नळी झिजलेली क्वचितच. बाकी सगळ्यांचं दुखणं एकच, दस्त्याचे नाहीतर दुर्बिणीचे स्क्रू ढिले. दोन मिनिटांचं काम असायचं, पण मालक तोवर तीन प्रकारची काडतुसं बदलून बसलेला असायचा. दुर्बीण डोळ्यापासून साडेतीन-चार इंच लांब बसवायची, नाहीतर पहिल्याच बाराच्या धक्क्याने ती मागे येऊन भुवईवर चंद्रकोर उमटवते.

उरलेले पैसे काडतुसांत. शंभर यार्डांवर नेम बांधायचा, म्हणजे दुर्बिणीतली खूण आणि गोळीची जागा जुळवायची. बहुतेक दुर्बिणींची नेम जुळवायची चकती एक खटका फिरवली की त्या अंतरावर नेम पाव इंच हलतो. तिथे बरोबर मध्यावर बसलेली गोळी दोनशे यार्डांवर साडेतीन-चार इंच खाली जाते, तेवढं डोक्यात असू द्यावं. नळी बारीक असते, तीन-चार बारांनंतर तापते आणि गोळ्या पसरायला लागतात. मग थांबायचं, चहा प्यायचा. हरणावर जाते ती थंड नळीची पहिली गोळी, म्हणून रोजच्या सरावातली पहिली गोळी कुठे लागली ते वहीत लिहून ठेवावं. टेबलावर टेकून नेम लागायला लागला की टेबल सोडून द्यायचं. बसून, गुडघ्यावर, झाडाला टेकून मारायचं. जंगलात टेबल नसतं.

आणि ताई, तुम्ही फोनवर एवढं मात्र बजावून विचारा : भडक नारिंगी जाकीट-टोपी घेतलीस का? तिथे रायफलच्या हंगामात डोकं, छाती आणि पाठ मिळून २५० चौरस इंच नारिंगी कपडा सक्तीचा आहे. राहत्या घरापासून १५० यार्डांच्या आत परवानगीशिवाय शिकार करता येत नाही, आणि गाडीत भरलेली रायफल ठेवता येत नाही. अर्ध-स्वयंचलित रायफल हरणाला चालत नाही, बोल्टचीच घेतोय ते बरं.

प्रश्न : आमच्या घरी आजोबांच्या वेळची .३१५ रायफल आहे. लायसन्स वडिलांच्या नावावर, ते आता ७६ वर्षांचे. दापोलीजवळ आमची बाग आहे, रानडुकरं फार नुकसान करतात. रायफल माझ्या नावावर करून बागेत नेता येईल का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : यात दोन प्रश्न आहेत आणि त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही.

नावावर करणं जमेल. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे लायसन्सदार हयात असतानाच वारसाला लायसन्स मिळू शकतं, त्याने वयाची ७० वर्षं पूर्ण केली असतील किंवा हत्यार २५ वर्षं बाळगलं असेल तर. वडील बसतात त्यात. मुंबईत अर्ज पोलीस आयुक्तालयात. भाऊ-बहिणी असतील तर त्यांची ना हरकत लागेल, हत्यार हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला लागेल, आणि वडिलांच्या लायसन्सला यूआयएन, म्हणजे केंद्राच्या नोंदवहीतला नंबर आहे का ते आजच बघा. नसेल तर सगळं तिथेच अडेल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात, वारशाची असली तरी. तुमचं लायसन्स हातात येईपर्यंत रायफल तुम्ही एकट्याने कुठेही न्यायची नाही, दुरुस्तीच्या नावाखाली परस्पर तर नाहीच.

रायफल चांगली आहे, बरं का. इंग्रजांच्या काळात लष्कराचं .३०३ काडतूस लोकांच्या हाती पडू नये म्हणून .३१५ चा प्रकार इथे रुजला, पुढे इशापूरच्या सरकारी कारखान्याने त्याच बोअरची, म्हणजे नळीच्या आतल्या त्याच व्यासाची, रायफल काढली, आत ली-एन्फिल्ड या इंग्रजांच्या लष्करी रायफलीचीच रचना. काडतुसाला आपल्याकडे ‘आठ एमेम’ही म्हणतात. बोल्ट पुढे ढकलताना शेवटी जरा अडखळतो, तो दोष नाही, तिची चालच तशी. बोल्टचा नंबर आणि नळीवरचा नंबर जुळतो का ते मात्र कारागिराकडून बघून घ्या. जुन्या दुकानांत बोल्टांची अदलाबदल झालेल्या रायफली मी पाहिल्या आहेत, त्या चालवायच्या नसतात.

बागेचं म्हणाल तर, लायसन्स तुमच्या नावावर झालं म्हणून डुक्कर मारायची मुभा मिळत नाही. रानडुक्कर वन्यजीव कायद्यात संरक्षित आहे. पिकाचं नुकसान होत असेल तर त्याच कायद्याच्या कलम ११ खाली अधिकृत वनाधिकारी लेखी परवानगी देऊ शकतो. ती कागदावर हातात हवी, ‘साहेब हो म्हणाले’ चालत नाही. आणि परवानगी मिळाली तरी कोकणातल्या वाडीत .३१५ चालवायला मी सांगणार नाही. ती गोळी चुकली तर मैल-दीड मैल जाते, आणि तुमच्या बागेच्या गडग्यापलीकडे लगेच कोणाचं तरी घर असतं. रात्री, बॅटरीच्या उजेडात, उतारावर. नको. नुकसानभरपाईचा अर्ज वनखात्याकडे करा, आणि सौर कुंपणाचा खर्च काढून बघा.

प्रश्न : माझी मुलगी १३ वर्षांची आहे. स्वप्निल कुसाळेचं ऑलिंपिक पदक पाहिल्यापासून तिला एअर रायफल हवी आहे. दुकानदार म्हणतो .२२ बोअरची घ्या, जोरदार आहे. घ्यावी का?
— एक वडील, डोंबिवली

उत्तर : त्या दुकानात पुन्हा जाऊ नका. .१७७ बोअरपर्यंतची आणि २० ज्यूलपर्यंत जोराची एअर रायफल विनालायसन्स घेता येते, त्यावर गेली की लायसन्स लागतं. स्पर्धेतली १० मीटरची एअर रायफल .१७७ चीच असते, .२२ च्या एअर रायफलीचा तिला काडीचा उपयोग नाही. कुसाळेचं २०२४ चं पॅरिसचं कांस्य ५० मीटरमधलं, तिथे .२२ असते पण ती काडतुसाची. दुकानदाराने दोन्ही एकात घातलं.

सध्या काहीच घेऊ नका. दहा मीटरवरचा दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. तो साधायला आधी उभं राहायला, श्वास धरायला आणि चाप दाबायला शिकायचं असतं, आणि ते क्लबच्या रायफलीवर होतं. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज आहे, अंजली भागवत तिथेच घडल्या. डोंबिवलीहून रोज वरळी जमणार नसेल तर पनवेलला सुमा शिरूर यांचा ‘लक्ष्य’ नावाचा नेमबाजीचा क्लब आहे, तेही लांबच, पण शनिवार-रविवार निभेल. सहा महिने मुलगी टिकली आणि प्रशिक्षकाने सांगितलं, की आधी जाकीट घ्या, तेही तिच्या मापाचं. वाढतं अंग आहे, रायफल शेवटी. परदेशी रायफलीला लाखांत पैसे पडतात. तेरा वर्षांच्या हौसेवर ते आधीच लावायचे नसतात. बाल्कनीत तर ती वस्तू दिसताही कामा नये, कबुतरांसाठी तर मुळीच नाही.

प्रश्न : पावसाळ्यात हत्यार गंजतं. आमच्याकडे खोबरेल लावायची पद्धत आहे. बरोबर आहे का?
— एक लायसन्सदार, माहीम

उत्तर : नाही. खोबरेल थंडीत थिजतं आणि बोल्टच्या आत चिकटून बसतं, मी चाकूने खरवडून काढलंय. बंदुकीचं पातळ तेल दुकानात मिळतं, ते चिंधीवर दोन थेंब, नळीच्या बाहेरून पुसट हात. आतून तेलाचा बोळा फिरवला असेल तर बार काढायच्या आधी कोरड्या बोळ्याने नळी पुसायची. रेक्झिनच्या किंवा चामड्याच्या म्यानात जून ते सप्टेंबर हत्यार ठेवायचं नाही, म्यान ओल धरतं. कपाटात उघडं, उभं, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर, आणि पुड्या पंधरवड्याला तव्यावर कोरड्या करून. माहीमला खाडीची हवा, तुम्ही आठवड्यातून एकदा उघडून बघा. आणि पाहुण्यांना दाखवून झालं की लगेच पुसा. घामट बोटांचे ठसे नळीवर राहिले तर दुसऱ्या दिवशी तांबडे दिसतात, कोणी कुठे धरलं होतं ते अगदी स्पष्ट.